येणे बाकी

लिहायचं किरिबाती, म्हणायचं किरिबास.
पहिली चूक विमानतळावरच झाली.
दुसरी, छत्री आणली ही.

नकाशात ज्याला शाईचा डाग समजून
मी नखानं खरवडून पाहिलं होतं
तेच हे बेट.
खोबऱ्याच्या सोसायटीचे हिशेब लावून द्यायचे,
करार दोन वर्षांचा.
सामान: बारा खतावण्या, इस्त्री, खळ केलेल्या सहा साड्या
आणि एक फ्रिज,
जो होडीतून उतरताना बघायला सगळं गाव पाण्यात उभं.
वीज कधी येते? मी विचारलं.
बाउरो म्हणाला, कुठून?

आता खतावण्या फ्रिजमध्ये असतात.
आत हवा बाहेरच्यासारखीच,
फक्त उंदीर नाहीत.

रस्ता एकच. या टोकाला समुद्र, त्या टोकाला समुद्र,
डावी-उजवीकडेही तोच.
तरी भेटेल तो विचारतो, को ना एरा?
कुठं निघालीस?
महिनाभर मी खरी उत्तरं दिली.
विहिरीवर.
दुकानात, पण ते बंद होतं म्हणून परत.
पोट बिघडलंय हो, जरा घाईत आहे.
ही शेवटची बातमी माझ्याआधी घरी पोचली.
संध्याकाळपर्यंत तीन काढे आले
आणि चौथ्या घरची म्हातारी, नुसतीच बघायला.

जहाज गुरुवारी येतं.
कुठल्या गुरुवारी, हे विचारणं उद्धटपणात जमा होतं.
साबण: येणे बाकी.
तांदूळ: येणे बाकी.
पंपाचा वॉशर, दीड इंची, एक नग: येणे बाकी.
आठव्या गुरुवारी आलं.
चारशे प्लास्टिकच्या खुर्च्या,
कुणी मागवल्या कुणाला ठाऊक नाही.
आम्ही त्यांच्यावर बसून
पुढच्या गुरुवारची वाट बघू लागलो.

बुबुती म्हणजे काय
हे मला कुणी सांगितलं नाही. सरळ केलं.
नेई तेराओई चटईवर येऊन बसली,
छत्रीकडे पाहिलं,
म्हणाली, छान आहे. मला दे.
यावर नाही म्हणता येत नाही.
म्हणजे व्याकरणात येतं. गावात येत नाही.
छत्री गेली.
इस्त्री गेली, तिनं आता बाउरोचं दार वाऱ्यात अडतं.
एक साडी गेली ती शिडाला.
परवा खाजणात होडी चाललेली लांबून पाहिली
आणि काठ ओळखला.
शेवाळी, लाल काठ. निवृत्तीच्या समारंभाला नेसले होते.
मला कधी इतकी शोभली नव्हती.

पण लिहू काय? कुणाच्या नावे? मुदत किती, व्याज किती?
छत्तीस वर्षं थकबाकीदारांच्या मागे फिरलेली बाई मी,
पेन उघडून बसले
तर टूथपेस्टचं निळं झाकण टेबलावरून चालत निघालं.
खाली खेकडा होता.
शंख सोडून नव्या घरात राहायला गेलेला.
यानं तर मागितलंही नव्हतं.

मग एका मुसळधार दुपारी
चार रात्री पाठ केलेलं वाक्य घेऊन
मी नेई तेराओईच्या दारात.
छान आहे, म्हटलं, ही छत्री.
मला दे.
ती इतकी हसली की डुकरं उठून बसली.
छत्री दिली, दोन मासे दिले,
ते उचलायला नातू दिला.
नातवाचं नाव कारोतु. अजून कुणी परत मागितलेला नाही.
सकाळी जेवतो, फ्रिज उघडतो, खतावणीचा वास घेतो, मिटतो.

काल गुरुवार होता.
कालचाच, असं निघालं.
जहाजातून एक तरुण उतरला, हवामान खात्याचा,
पायात कातडी बूट, घोट्यापर्यंत पाणी.
इथं नेटवर्क कधी येतं? त्यानं मला विचारलं.
कुठून? मी म्हणाले.

आणि बुटांकडे पाहिलं.
मला मोठे होतील.
बाउरोला बसतील.